बाळंतपणाची तारीख : तिथी, दिनांक आणि अधिक महिना

गरोदर मातेची नोंद करताना आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य सेविका पहिला प्रश्न विचारते तो शेवटच्या पाळीचा. गोंदिया जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दिनांकात येत नाही. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नारबोदाला’, ‘दिवाळीच्या अमावास्येला’, ‘कचारगडच्या जत्रेला गेलो होतो तेव्हा’, ‘रोवणी आटोपली त्या हप्त्यात’ अशी ती उत्तरे असतात. बाहेरून नव्याने बदलून आलेल्या कर्मचाऱ्यास ती मोघम वाटतात. वस्तुतः शेवटचे उत्तर सोडले तर बाकीची उत्तरे कोणत्याही दिनांकाइतकीच पक्की आहेत. प्रश्न एवढाच असतो की, नोंदवहीत उतरताना त्यांचे दिनांकात रूपांतर कोण करतो आणि कसे करतो. या रूपांतरात होणारी चूक एक-दोन दिवसांची नसते. ती बहुधा पंधरवड्याची किंवा पुऱ्या महिन्याची असते, आणि तिची किंमत आई व मूल या दोघांना मोजावी लागते.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला आहे. उत्तरेस मध्य प्रदेशचा बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात आणि सोयरिकी राज्यांच्या सीमा मानत नाहीत. त्यामुळे महिना मोजण्याच्याही एकाहून अधिक रीती येथे शेजारी शेजारी नांदतात. तारीख काढण्याचे शास्त्र अवघड नाही; पण ते येथे वापरताना या रीती ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नऊ महिने, किती दिवस?

गर्भावस्थेचा काळ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजला असता सरासरी २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा धरला जातो. जगभर वापरला जाणारा सोपा आडाखा जर्मनीतील हायडेलबर्ग येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्त्स कार्ल नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने ओळखला जातो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवावेत व नऊ महिने पुढे जावे. किंवा तीन महिने मागे येऊन पुढचे वर्ष धरावे. पाळी १ नोव्हेंबर २०२४ रोजी आली असेल तर अपेक्षित तारीख ८ ऑगस्ट २०२५. पाळी २६ मार्च २०२५ ची असेल तर सात दिवस मिळवून २ एप्रिल, आणि तीन महिने मागे येऊन २ जानेवारी २०२६. दिवस एकेक करून मोजले तर २८० वा दिवस ३१ डिसेंबरला येतो. महिने लहानमोठे असल्यामुळे पडणारा हा एक-दोन दिवसांचा फरक आहे. त्यावरून शाळेत मुलांनी वाद घालावा, आरोग्य केंद्रात घालू नये.

आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ असे पूर्वापार म्हटले जाते. नेगेले यांचा हिशेब नऊ महिने सात दिवसांचा. घरातील म्हाताऱ्या बायांचा आणि हायडेलबर्गच्या प्राध्यापकांचा हिशेब इतका जवळ यावा, हे नोंद घेण्यासारखे आहे.

तरीही बाई आणि सेविका यांच्या मोजणीत अंतर पडते, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, गर्भ प्रत्यक्षात राहतो तो पाळीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी. तेथून प्रसूतीपर्यंत २६६ दिवस होतात. पाळी चुकल्यावर जी बाई ‘एक महिना झाला’ म्हणते तिचे कार्डावर सहा आठवडे लिहिले जातात, आणि घरी गेल्यावर सासू म्हणते की, कार्ड चुकले. कार्ड चुकलेले नसते. मोजणीचा आरंभबिंदू वेगळा असतो. हे पहिल्याच भेटीत सांगावे.

दुसरे कारण भाषेतील आहे. ‘आठवा लागला’ म्हणजे सात महिने पूर्ण झाले. ‘आठवा झाला’ म्हणजे आठ पूर्ण. ऐकणाऱ्याने नुसते ‘आठवा’ एवढेच टिपले की एक महिना गेला किंवा आला. यास्तव नोंदवहीत महिने लिहूच नयेत. पूर्ण झालेले आठवडे लिहावेत. आठव्या महिन्याविषयी आणखी एक समजूत रूढ आहे : सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांतही आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते असा विचार आढळतो. आजचे ज्ञान याच्या उलट आहे. पोटात घालवलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या फुप्फुसांना आणि वजनाला बळ देतो. आठव्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा अधिक सुरक्षित असते. अपुऱ्या दिवसांचे मूल आता काय वाचणार, असे मानून दवाखान्याची वाट न धरणे हा या समजुतीतील खरा धोका होय.

तिथीवरून पडताळा

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा असतो. असे नऊ महिने म्हणजे जवळजवळ २६६ दिवस, म्हणजे गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा काळ. त्यात एक पंधरवडा मिळवला की २८० दिवस झाले. यावरून पंचांग वाचणाऱ्यास तोंडी करता येईल असा पडताळा मिळतो : पाळीच्या तिथीपासून नऊ चांद्रमास पुढे जावे आणि पक्ष बदलावा. अमावास्येची पौर्णिमा होते. शुद्ध एकादशीची वद्य एकादशी होते.

दिवाळीच्या, म्हणजे आश्विन अमावास्येला पाळी आली असेल तर नऊ महिन्यांनी आषाढ अमावास्या, आपल्याकडील जिवती, येते. तेथून पंधरवड्याने श्रावण पौर्णिमा, राखी. वर दिलेले १ नोव्हेंबर २०२४ चे उदाहरण दिवाळीच्या अमावास्येचेच आहे. आडाख्याने ८ ऑगस्ट २०२५ ही तारीख आली. त्या वर्षी राखी ९ ऑगस्टला होती. पोळ्याची अमावास्या घेतली तर वटपौर्णिमा येते : २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता, तेथून २८० वा दिवस ९ जून २०२५, आणि वटपौर्णिमा १० जूनला. कचारगडच्या माघ पौर्णिमेपासून मोजले तर कार्तिक अमावास्या येते.

नोंद अर्थातच दिनांकानेच व्हावी. तिथीचा उपयोग पडताळ्यापुरता आणि घरच्यांना समजावून सांगण्यापुरता. ‘८ ऑगस्ट’ ज्या आजीच्या ध्यानात राहत नाही तिला ‘राखीच्या आदल्या दिवशी’ हे विसरता येणार नाही.

अधिक महिन्याचा घोळ

हाच पडताळा डोळे झाकून वापरला तर मात्र घात होतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे.

एखाद्या बाईची शेवटची पाळी २०२५ च्या दिवाळीची, २१ ऑक्टोबरची आहे असे समजू. मागील वर्षीच्या अनुभवावरून घरात कोणीतरी म्हणते, ‘दिवाळीची पाळी, म्हणजे राखीला बाळंतपण.’ २०२६ ची राखी २८ ऑगस्टला येते. परंतु खरी अपेक्षित तारीख आहे २८ जुलै. अधिक ज्येष्ठ हाही एक पुरा महिना असल्यामुळे नऊ चांद्रमास ज्येष्ठ अमावास्येलाच भरतात व पंधरवड्याने येते ती आषाढ पौर्णिमा, आपली आखाडी. एकतीस दिवसांची चूक एका सणाच्या नावाने होते.

मग काय घडेल याचा विचार करावा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कळा सुरू झाल्या तर घरचे म्हणतील, अजून महिना आहे, या खोट्या कळा. रोवणीचे दिवस, घरातील धडधाकट माणसे बांधीत, पावसाची झड लागलेली आणि नाल्याला पूर. रात्रीपर्यंत वाट पाहिली जाईल. उलट प्रसूती लांबली तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ४२ आठवडे उलटतील, वारेची पोषण पुरवण्याची क्षमता घटू लागेल आणि बाहेरून कोणालाच काही वावगे वाटणार नाही, कारण घरच्या हिशेबाने दिवस अजून भरलेलेच नाहीत.

सीमेपलीकडचा महिना

दुसरा घोळ सीमेवरच्या गावांत होतो आणि तो दरवर्षी होतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतीय पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, कृष्ण पक्षात मात्र हिंदी महिना एकाने पुढे असतो. आपला पोळा श्रावण अमावास्येला. बालाघाटकडे तोच दिवस भादोची अमावास्या. आपली जिवती आषाढ अमावास्येला. छत्तीसगडात त्याच दिवशी हरेली, आणि ते तिला सावनाची अमावास्या म्हणतात. पहिल्या बाळंतपणासाठी बालाघाट किंवा राजनांदगावकडून आमगाव-सालेकशास माहेरी आलेली मुलगी ‘सावन की अमावस’ म्हणाली आणि सेविकेने मराठी दिनदर्शिकेत श्रावण अमावास्या पाहिली, तर नोंदीत एक महिन्याचा फरक पडलाच.

यावर उपाय अगदी साधा आहे. महिन्याचे नाव विचारू नये, सण विचारावा. पोळा होऊन गेला होता का? नारबोद त्याच दिवशी होती की दुसऱ्या दिवशी? पाळी आली तेव्हा मंडई भरली होती का, नवरात्रात देवीजवळ बसता आले होते का? पाळीमुळे सणात किंवा पूजेत भाग घेता आला नाही ही गोष्ट बायका सहसा विसरत नाहीत. ती रूढी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. तारखेच्या शोधात मात्र तिचा उपयोग होतो. घरोघरी भिंतीवर असणाऱ्या, दिनांक व तिथी शेजारी शेजारी छापणाऱ्या दिनदर्शिकेच्या पानावर बोट ठेवून तो दिवस बाईकडूनच दाखवून घ्यावा.

पाळी आठवत नसेल तर

अंगावर पाजत असताना पाळी परत येण्याआधीच पुन्हा दिवस राहतात, तेव्हा सांगण्यास पाळीच नसते. काहींचे चक्र २८ दिवसांचे नसते. ३५ दिवसांचे नियमित चक्र असेल तर अपेक्षित तारीख आठवडाभर पुढे धरावी लागते. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सोडलेल्या असतील तरीही आडाखा डळमळतो. काही वेळा गर्भ राहिल्यानंतर थोडे रक्त जाते व तीच पाळी समजली जाते. तेथेही महिन्याची चूक होते.

अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. त्या काळात गर्भाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून काढलेले वय पाच ते सात दिवसांच्या आत बरोबर येते. पुढे मुले आपापल्या गतीने वाढतात आणि अंदाज सैल होत जातो. शेवटच्या तीन महिन्यांत तो तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. म्हणून लवकरच्या तपासणीत ठरलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलू नये. प्रत्येक चिठ्ठीवर यंत्राने नवी तारीख छापलेली असते आणि घरचे त्यांतील सोयीची निवडतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. यंत्रांतील बहुतेक सूत्रेही पाश्चात्त्य स्त्रियांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत; भारतीय मातांच्या नोंदींवरून, गुरुग्राम येथील रुग्णालयात गोळा केलेल्या माहितीच्या आधारे, आपले स्वतःचे सूत्र बसवण्याचे काम अलीकडच्या काळात झाले असून त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सोनोग्राफी तारखेसाठी व गर्भाच्या प्रकृतीसाठी असते. लिंग विचारणे आणि सांगणे दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

यंत्र हाताशी नसेल तेथे हात आहेतच. बाराव्या आठवड्यात गर्भाशयाचा माथा ओटीपोटाच्या हाडावर जेमतेम लागतो. चोविसाव्यास तो बेंबीशी येतो, छत्तिसाव्यास छातीच्या हाडाच्या टोकाशी पोचतो, आणि चाळिसाव्याच्या सुमारास मुलाचे डोके खाली उतरल्यामुळे पुन्हा थोडा खाली येतो. ‘पोट उतरले’ असे बायका म्हणतात ते हेच. चोविसाव्या आठवड्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून माथ्यापर्यंत टेपने मोजलेले सेंटिमीटर आणि पूर्ण झालेले आठवडे दोनच्या फरकाने जुळतात. जुळत नसतील तर तारीख चुकली आहे, किंवा मूल खुंटले आहे, किंवा जुळे आहे. कारण कोणतेही असो, बाईला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवलेच पाहिजे. पहिली हालचाल पहिलटकरणीस अठरा ते वीस आठवड्यांत जाणवते, आधी मूल झालेलीस दोनेक आठवडे अगोदर. तो दिवस जाणवताच कार्डावर लिहून ठेवावा.

तारखेवर काय काय टांगलेले असते

बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी, नंतर चौदा ते सव्वीस, अठ्ठावीस ते चौतीस आणि छत्तीस आठवड्यांनंतर अशा किमान तपासण्या. दुसऱ्या तिमाहीपासून लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत साखरेची पुन्हा तपासणी. हे वेळापत्रक प्रत्येक माता व बाल संरक्षण कार्डावर छापलेले आहे व त्याची उजळणी येथे नको. दोन गोष्टी मात्र या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पूर्व विदर्भात सिकलसेलचा दोष आढळतो. आई वाहक निघाली तर पतीची तपासणी ताबडतोब व्हावी लागते, कारण दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी साधारण दहाव्या आठवड्यानंतर शक्य होते आणि त्यानंतरचा निर्णय घेण्यास कायद्याने आठवड्यांची मर्यादा आहे. येथे महिन्याची चूक म्हणजे निर्णयाचा हक्कच हातचा जाणे.

दुसरी गोष्ट मुदतपूर्व कळांची. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर मुलाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देतात. ते द्यावे की नाही हे ठरते आठवड्यांवरून. पस्तीस आठवड्यांच्या बाईला एकतीस समजले, किंवा एकतिसाव्याला पस्तीस समजले, तर उपचार उलटा होतो. जन्मल्यावर दोन किलोचे मूल हाती आले तर ते वेळेआधी आलेले आहे की पूर्ण दिवसांचे पण खुंटलेले, हेही तारीखच सांगते. दोघांची काळजी सारखी नसते.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांची रजाही या तारखेला बांधलेली आहे. कायद्याने मिळणाऱ्या सव्वीस आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेपूर्वी घेता येतात.

पंचायतीच्या हाती काय आहे

अपेक्षित तारीख म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुले शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्म झाला तर तो मुदतपूर्व, आणि ४२ आठवडे पूर्ण झाले की मुदत उलटली. मधला पाच आठवड्यांचा काळ हाच खरा प्रतीक्षेचा काळ. गावाने तयारी करायची ती या पाच आठवड्यांसाठी.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने दरवर्षी मे महिन्यात एक काम करावे. १५ जून ते ३० सप्टेंबर या काळात ज्यांच्या तारखा येतात त्या मातांची संख्या आशाताईंकडून घ्यावी आणि त्यांच्या घरापासून आरोग्य केंद्रापर्यंतच्या वाटेत कोणता नाला आडवा येतो ते पाहावे. देवरी, सालेकसा व अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात बाघ आणि गाढवी यांना मिळणारे नाले पावसात काही तासांतच वाट अडवतात. अशा मातांना सदतिसावा आठवडा उलटताच नाल्याच्या अलीकडील नातलगाकडे आणून ठेवावे, किंवा दुर्गम आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांजवळ शासनाने सुरू केलेल्या माहेरघरात त्यांची सोय होते का ते आधी विचारून घ्यावे. तेथे आईला काही दिवस आधी येऊन राहता येते. घरची लहान मुले कोण सांभाळील आणि रोवणीची मजुरी बुडाली तर काय, या दोन अडचणींमुळे बाया तेथे जाण्यास कचरतात. पहिली अडचण शेजारधर्माने सुटण्यासारखी आहे. दुसरीसाठी समितीने आपल्या निधीचा विचार करावा. १०२ व १०८ या रुग्णवाहिकांचे क्रमांक सर्वांना पाठ आहेत, परंतु रुग्णवाहिका कोणत्या पुलापर्यंत येऊ शकते हे चालकास गावातूनच सांगावे लागते.

एक खबरदारी. मातांची नावे व तारखा चावडीच्या फळ्यावर लावू नयेत. गर्भ राहिल्याची, तो टिकला नसल्याची किंवा टिकवला नसल्याची बाब त्या बाईची स्वतःची असते. समितीला संख्या, वस्ती आणि पंधरवडा एवढे पुरे. नावे आशाताई व सेविका यांच्या नोंदवहीत राहू द्यावीत.

शिक्षकांनी सातवी-आठवीच्या मुलींना पाळीचा पहिला दिवस दिनदर्शिकेवर टिंब देऊन टिपण्याची सवय लावावी. त्यासाठी कोणतीही योजना लागत नाही, एक पेन्सिल लागते. अधिक महिना का येतो हे भूगोलाच्या तासाला शिकवलेच जाते. त्या तासाला वरचे दिवाळी-राखीचे गणित फळ्यावर सोडवून घेता येईल.

आणि प्रसूती झाली की जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करताना सेविकेने आपल्या वहीत अपेक्षित तारखेशेजारी प्रत्यक्ष तारीख, पूर्ण झालेले आठवडे आणि मुलाचे वजन लिहावे. ज्या नोंदीत अंतर तीन आठवड्यांहून अधिक दिसेल तेथे मागे जाऊन पाहावे की, पहिल्या दिवशी तारीख कशी ठरली होती : दिनांकावरून, सणावरून, की नुसत्या महिन्याच्या नावावरून.